गारोन्याचं औषध

रोसांदाने बाटली उपडी धरली आणि शेवटचा थेंब ट्रकच्या टाकीत पडेपर्यंत ती हलवत राहिली. नरसाळ्यातून आलुबुखाराचा वास वर आला. अंगणात जमलेल्या माणसांनी तो एकदम आत ओढून घेतला आणि वितोमिरकाकांनी टोपी काढली.

"आईच्या गावची आहे," रोसांदा म्हणाली. "बाबा हीच घालायचे."

"हीच," वितोमिरकाका म्हणाले. "माझा भाऊ दुसरी कुठली घालणार?"

पहिला बर्फ पडला की रोसांदाचा बाप रादोसाव सासुरवाडीहून आलेल्या राकियाची, आलुबुखाराच्या दारूची, एक बाटली काखोटीला मारून ट्रकच्या मागे जायचा आणि रिकामी बाटली घेऊन परत यायचा. पुढे कडाका वाढला की दुसरी. मग फाटकाशी उभा राहून सगळ्या पेश्तेर पठाराला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, की थंडीत माणसाला जे चालतं ते डिझेलला चालतं. आणि खरंच, दुसऱ्यांचे ट्रक वाटेत अडून पडायचे तेव्हा त्याचा गारोन्या घरघरत पुढे निघून जायचा. गारोन्या हे त्याच्या वडिलांच्या काळ्या बैलाचं नाव. बैल गेला, ट्रक आला, नाव राहिलं.

गावात कुणीही गेलं तर चाळिसाव्याच्या दिवशी कबरीपाशी जेवण असायचं, आणि टेबलं, बाकं, सूपाचा हंडा आणि म्हाताऱ्या बायका गारोन्यावरूनच वर दफनभूमीत जायच्या. आज रादोसावचाच चाळिसावा होता. विहिरीचा दोर गोठून काठीसारखा ताठ उभा राहिला होता. वर कबरीपाशी पाद्रीबाबा मिलुतिन केव्हाचे पोचले होते आणि त्यांना दुपारी पलीकडच्या गावात आणखी एक चाळिसावा होता.

रोसांदा वर चढून बसली. बॅटरी रात्रभर स्वयंपाकघरात चुलीशेजारी निजली होती, त्यामुळे किल्ली फिरवताच गारोन्या खोकला, थरथरला आणि सुरू झाला. अंगणातल्या लोकांनी छातीवर क्रॉसची खूण केली. मागे बसलेल्या बायकांनी हंडा घट्ट धरला. ट्रक फाटकापर्यंत आला, दोनदा उचकी लागल्यासारखा हलला आणि बंद पडला. असा, की आता शेजारच्या गोठ्यातली घंटा ऐकू येऊ लागली.

तिने पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली.

"त्याला जायचं नाहीये," मागून एक म्हातारी म्हणाली. "आयुष्यभर दुसऱ्यांना पोचवलं. स्वतःची वेळ आली तर अडून बसला."

"आजी, तुम्ही हंडा धरा."

रोसांदा खाली उतरली. टाकीचं झाकण काढून तिने आत काठी घातली. काठीच्या टोकाला पांढरट, दाट काहीतरी लागून आलं. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं, तसं.

कुंपणापलीकडे शेजारचा वुकोसाव हात पाठीमागे बांधून उभा होता. त्याचा ट्रॅक्टर सकाळपासून फटफटत होता. ट्रॉलीत त्याने गवत पसरून वर स्वच्छ घोंगडीही घातली होती. पठारावर पंपावरची निळी बाटली, डिझेल थिजू न देणारं हिवाळी औषध, सगळ्यात आधी विकत आणणारा माणूस तोच. त्या दिवसापासून रादोसावने त्याला कंपाउंडर हे नाव ठेवलं. "काय कंपाउंडर, आज पेशंट कसा आहे?" असं तो कुंपणावरून ओरडायचा. "तुझ्या गाडीचं लिव्हर जाईल एक दिवस," असं वुकोसाव म्हणायचा आणि सगळा रस्ता हसायचा. वुकोसाववर.

"पोरी," तो आता म्हणाला, "ट्रॉली तयार आहे."

"नको, वुकोसावकाका."

"पाद्रीबाबांची दाढी गोठली असेल वर."

"गोठू दे." मग तिलाच स्वतःचा आवाज मोठा वाटला. "बाबा गारोन्यावरूनच... म्हणजे त्यांचं टेबल. ते गारोन्यावरूनच जाणार. तुमच्या ट्रॅक्टरवरून गेलो तर उद्यापासून लोक काय बोलतील, तुम्हाला माहीत आहे."

 वुकोसावने ट्रॅक्टर बंद केला आणि कुंपण ओलांडून आत आला.

अंगणात आता प्रत्येकाला उपाय सुचत होता. कुणी म्हणालं, रॉकेल. कुणी म्हणालं, ट्रक उताराला लावा. एकाचं मत पडलं की राकिया कमी पडली. वितोमिरकाकांनी भाकरी भाजायचं लोखंडी झाकण आणलं, त्यात चुलीतले निखारे भरले आणि पोटावर सरपटत ते टाकीखाली गेले. तिथून त्यांचे फक्त बूट आणि शिव्या बाहेर येत राहिल्या. चाळिसाव्याला शोभणार नाहीत अशा शिव्या होत्या, पण त्या त्यांच्या भावाकडूनच शिकलेल्या होत्या, म्हणून कुणी हरकत घेतली नाही.

तेवढ्यात स्तामेन्का, रोसांदाची आई, दारात आली. काळ्या रुमालाखाली तिचा चेहरा लहान दिसत होता.

"सगळे आत चला," ती म्हणाली. "राकिया गरम केलीय. माझ्या दारातून कुणी थंड पोटाने वर जाणार नाही. भावजी, तुम्हीसुद्धा निघा त्या ट्रकखालून."

वितोमिरकाकांचे बूट सगळ्यात आधी निघाले. क्षणभरात अंगण रिकामं झालं. रोसांदा राहिली, कारण निखाऱ्यांवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं. वुकोसाव का राहिला, ते तिला कळेना.

आईने दार ओढून घेतलं, पायऱ्या उतरून आली आणि एप्रनखालून एक बाटली काढून वुकोसावच्या हातात दिली. निळी. भरलेली.

"पिठाच्या पेटीत होती," ती म्हणाली. "या वर्षी घालायची राहून गेली. तुम्ही आणून दिली त्याच आठवड्यात..." तिने वाक्य सोडून दिलं. "आधी टाकी तापू द्या. मग ओता. आणि फिल्टरवर कढत पाणी लागेल. आणते."

ती आत गेली. रोसांदाने बाटलीकडे पाहिलं, मग वुकोसावकडे. तो निखाऱ्यांवर फुंकर घालत होता, गरज नसताना.

"काका?"

"वहिनी दर हिवाळ्यात माझ्याकडून मागवायच्या," तो खालीच बघत म्हणाला. "गारोन्या आला त्या वर्षापासून. पहाटे, रादोसाव गोठ्यात असायचा तेव्हा, स्वतः ओतायच्या टाकीत. मला म्हणाल्या, ह्यांना कळलं तर मनाला लावून घेतील."

"आणि ते तुम्हाला कंपाउंडर म्हणायचे. भर रस्त्यात."

"म्हणायचा." त्याने बाटलीचं झाकण फिरवलं. "मग? त्याच्या ट्रकला औषध मीच देत होतो. म्हटलं तर खरंच होतं."

आई कढत पाण्याची किटली घेऊन आली आणि फिल्टरवर धार धरली. वाफेत तिघेही दिसेनासे झाले. वाफेतूनच रोसांदाने विचारलं,

"आई, तुला माहीत होतं राकियाने काही होत नाही, तर त्यांना ओतू का द्यायचीस?"

"त्यांना आवडायचं. मी औषध घालायचे ते त्या राकियावर उतारा म्हणूनच. माझ्या भावाला मात्र तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. त्याने बागेत राबून गाळायची आणि आपण ट्रकला पाजायची." तिने किटली हलवली. "सगळी वाया."

वुकोसावला खोकला आला. तो बराच वेळ खोकला.

"काय झालं?" आई म्हणाली.

"काही नाही, वहिनी. धूर."

"धूर तिकडे जातोय."

त्याने टोपी काढली, झटकली, परत घातली.

"टाकीत नाही गेली," तो म्हणाला. "कधीच. आज पोरीने घातली, ती पहिली."

"मग कुठे गेली?"

"तो ट्रकच्या मागून शीळ घालायचा. मी कुंपणाच्या त्या फटीतून यायचो. अर्धी तो, अर्धी मी. त्याचं म्हणणं, असला लोखंडाचा बैल आहे, याला कशाची गरज नाही, पण लोकांना काहीतरी सांगायला हवं. मी काय बोलणार? औषधाबद्दल तुम्हाला शब्द दिलेला. राकियाबद्दल त्याला."

किटलीतलं पाणी संपलं होतं, तरी आईने ती तशीच तिरकी धरली होती.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "तुम्ही दोघं माझ्या माहेरची राकिया... या ट्रकच्या मागे... उभ्याने?"

"बसायचो कधीकधी. सुट्या चाकावर."

आई वळली आणि तिने रुमालाचं टोक तोंडात धरलं. तिचे खांदे हलू लागले. रोसांदा एक पाऊल पुढे आली आणि थांबली. ते रडणं होतं की दुसरं काही, ते पाठमोऱ्या आईकडे बघून ठरवता येईना, आणि पुढे जाऊन बघावं असं तिला वाटलं नाही.

"म्हणजे वाया नाही गेली," आई शेवटी म्हणाली. तिने नाक पुसलं. "ओता ते औषध. माणसं बाहेर येतील."

माणसं बाहेर आली तेव्हा निळी बाटली परत पिठात गेली होती आणि वुकोसाव कुंपणापाशी, हात पाठीमागे बांधून, आपल्या जागी उभा होता. रोसांदाने किल्ली फिरवली. गारोन्याने काळा धूर सोडला, नाक शिंकरल्यासारखा आवाज केला आणि चालू राहिला. बायका हंड्याला धरून वर चढल्या. चढावर त्याला दोनदा उचक्या आल्या. पोटात खरीखुरी राकिया जाण्याची त्याची पहिलीच वेळ होती.

वर पाद्रीबाबांनी ओठ हलतील तेवढ्या वेगाने प्रार्थना उरकली. मेणबत्त्या लागल्या. शिजवलेला गोड गहू चमच्याचमच्याने फिरला, टेबलं मांडली गेली, सूप वाढलं गेलं. आणि अपेक्षेप्रमाणे कुणीतरी हसत विचारलंच,

"काय कंपाउंडर, आज गारोन्या फाटकातच अडला होता म्हणे? राकियाची हवा गेली वाटतं?"

रोसांदाने हातातली पळी हंड्यात तशीच धरली.

वुकोसाव उठला. त्याने सगळ्यांना दिसेल अशी टोपी काढली आणि लाकडी क्रॉसकडे तोंड केलं.

"अडला, कारण पोरीचा हात नवा आहे. नीट मुरायला वेळ लागतो," तो मोठ्याने म्हणाला. "पण आला की नाही वर? मी इतकी वर्षं पैसे पाण्यात घातले. राकियाच खरी. हरलो, रादोसाव."

माणसं हसली. कुणी टाळी दिली. वितोमिरकाकांनी डोळे पुसले आणि म्हणाले की हे ऐकायला तो हवा होता.

स्तामेन्का बाटली घेऊन पेले भरत येत होती. वुकोसावसमोर ती थांबली. त्याने पेला पुढे केला. तिने तो अर्धाच भरला आणि तोच हात वळवून, न थांबता, उरलेल्या अर्ध्याची धार कबरीवरच्या बर्फावर धरली.

 पेला उचलून वुकोसाव क्रॉसच्या मागच्या बाजूला गेला आणि तिथे उभ्यानेच प्याला.