मिशीकाकांचं पोट

तीन वर्षांच्या लेकीला भरवणं हे त्या घरात एकटीदुकटीचं काम नव्हतं. त्याला आई लागे, वाटी लागे आणि एक मासा लागे. हॉलमधल्या काचेच्या टाकीत वरती लाल-चंदेरी माशांची झुंबड असायची आणि तळाशी तीन मिशाळ मासे. त्यातल्या सगळ्यात थोराड माशाचं नाव लेकीनं मिशीकाका ठेवलं होतं. मिशीकाका वाळूत तोंड खुपसून काहीतरी चघळायला लागले की लेक 'आ' करायची, आणि आई टाकीशेजारी फरशीवर बसून त्या 'आ'मध्ये घास सारायची. काका जेवले तर लेक जेवणार, नाहीतर नाही.

आणि गेले काही दिवस काका जेवत नव्हते. दगडाच्या आडोशाला नुसते पडून असायचे. लेकीचं वजन पाव किलोनं उतरलं होतं. बालसंगोपनाची चार जाडजूड पुस्तकं पाठ केलेल्या आईला हा पाव किलो छातीवर धोंड्यासारखा वाटत होता. पुस्तकांत सगळं होतं; उपाशी माशाचं मुलावर काय होतं, तेवढं मात्र कुठे नव्हतं.

टाकी सासऱ्यांची. चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढून ते निवृत्त झाले होते आणि आता तपासायला मासेच उरले होते. हात पाठीमागे बांधून ते टाकीपुढे असे उभे राहायचे, की वरचे मासेसुद्धा जरा सरळ पोहतात असं वाटायचं.

"बाबा, हे खालचे मासे खातात काय हो?" तिनं एकदा जपून विषय काढला.

"वरून पडेल ते. सफाई खातं आहे ते! त्यांना वेगळं कशाला घालायचं?" सासऱ्यांनी चिमटीतून दाणे सोडले. वरची झुंबड तुटून पडली आणि मिनिटभरात सगळं फस्त. "बघितलंस? एक कण खाली जाऊ देत नाही मी. याला म्हणतात अंदाज."

"म्हणजे वरून काही पडतच नाही?"

"नावाला नाही!" सासऱ्यांची छाती फुगली.

"मग ते खातात काय?"

"शेवाळ, गाळ. घाण त्यांचं अन्न."

ते शेवाळ सासरे दर रविवारी जुन्या टूथब्रशनं खरवडून काढायचे आणि गाळ नळीनं ओढून घ्यायचे. टाकी इतकी लखलखीत, की एखाद्या पाहुण्यानं चुकून त्यात पेला बुडवला असता तर कुणी हरकत घेतली नसती. पण तिनं तोंड मिटलं. सासऱ्यांना एका वेळी दोन प्रश्न चालत. तिसऱ्याला ते उलटतपासणी म्हणत, आणि तिचा तिसरा विचारून झाला होता.

ती थेट माशांच्या दुकानात गेली. दुकानदार मिशीतल्या मिशीत हसला. "ताई, सफाईवाले म्हणून विकले की हातोहात जातात. खाणारे म्हणून विकायला बसलो तर घेईल कोण?" त्यानं बुडणाऱ्या गोळ्यांची डबी पुढे सरकवली. "वरच्यांची नजर चुकवून टाका, अंधारात. नाहीतर तेच मटकावतील."

पहिलीच गोळी टाकताना ती सापडली.

"हे काय चाललंय सूनबाई? पाणी नासेल!"

"बाबा, त्याचं पोट खपाटीला गेलंय हो."

सासऱ्यांनी वरून डोकावून पाहिलं. "खपाटीला? चांगला हातभर रुंद दिसतोय! अगं, एकदा आयतं मिळायला लागलं की काम सोडतात."

"मग तुमचं ताट उद्यापासून बंद करते," आतून सासूबाई कडाडल्या. "बघूया तरी, घरातलं एखादं काम करता का!"

डबी सासऱ्यांच्या खिशात गेली. नवरा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "जाऊ दे ना गं, बाबांना वाईट वाटेल." मिशीकाकांना काय वाटेल, यावर त्याचं काही म्हणणं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तळातल्या तिघांपैकी सगळ्यात लहान मासा आडवा तरंगताना दिसला. सासऱ्यांनी त्याला जाळीनं अलगद उचललं आणि शेरा मारला, "मुळातच नाजूक प्रकृतीचा होता."

त्या दुपारी लेकीनं ओठ घट्ट मिटले. "काकांना भूक नाही. मला पण नाही." भरलेली वाटी तशीच राहिली. वाटीकडे बघता बघता आईच्या आत काहीतरी तुटलं, किंवा जुळलं.

"बाबा, खाली बसा."

"काय?"

"खाली. इथे, माझ्याशेजारी, फरशीवर."

पाच वर्षांत सुनेचा असा आवाज त्या घरानं ऐकला नव्हता. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. सासरे गुडघ्यांची कटकट वाजवत, सोफ्याला धरत खाली बसले. पहिल्यांदाच त्यांचे डोळे टाकीच्या तळाच्या रेषेत आले. मिशीकाका समोर काचेला टेकलेले होते. वरून रुंद दिसणाऱ्या पाठीखाली पोटाच्या जागी खळगा होता. सासरे काचेच्या आणखी जवळ सरकले.

"हे असं... कधीपासून?"

"तुम्ही उभे होतात तेव्हापासून," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी खिशातून डबी काढली आणि उठता येईना म्हणून ती सुनेच्या हातात दिली. तिनं टाकीचा दिवा बंद केला, अर्ध्या टाकीवर जाड टॉवेल पांघरला आणि उजेडाकडच्या टोकाला चिमूटभर दाणे भुरभुरवले. वरची झुंबड तिकडे धावली. तेवढ्यात टॉवेलखालून तिनं दोन गोळ्या सोडल्या.

एक लाल मासा वळला आणि सावलीकडे निघाला.

"ए, खादाडा! तुझं झालंय तिकडे!" सासरे काचेवर बोट नाचवत ओरडले. "चोर आहेत सगळे लेकाचे!" कालपर्यंत याच माशाच्या भुकेचं ते पाहुण्यांपुढे कौतुक करत होते.

मिशीकाका हलले. मिशांनी वाळू चाचपत गोळीपाशी पोचले, थांबले, आणि मग त्यांचं तोंड भराभर चालू झालं. पाठोपाठ दुसराही आला. सासरे श्वास रोखून बघत होते. सासूबाईही आता पदर सावरत खाली बसल्या होत्या. टॉवेल उचलून धरलेली आई तर वाटी, वजन, पुस्तकं, सगळं विसरून गेली होती.

कुणीतरी तिची बाही ओढली.

"आई," लेक वैतागून म्हणाली, "अगं, माझा घास!"