कधीपासून दुखतंय?

"कधीपासून दुखतंय?" ग्लेंडाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत नर्सने विचारलं.

ग्लेंडाने तोंड उघडायच्या आत डॉइलने उत्तर दिलं. बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपणच द्यायचं, ही त्याची लग्नापासूनची खोड.

"थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून पोट धरून आहे. सणाची टर्की मी भाजली होती ना, ठपका माझ्यावर आला. ही सगळ्यांसमोर म्हणते कशी, याच्या हाताला चव नाही, पण कळ आहे!"

नर्स कॅरीलिन हसली आणि टाइप करू लागली. ग्लेंडाने त्याच्या मनगटात नखं रुतवली. पुन्हा कळ आली असेल असं वाटून त्याने तिचा हात थोपटला.

"विम्याचं कार्ड?"

ते त्याने पाकिटात सगळ्यात वर ठेवलं होतं. डिसेंबरात तो ओतकामाच्या कारखान्यातून निवृत्त झाला. त्याला पासष्टीनंतरचा सरकारी विमा, मेडिकेअर, लागू झाला, पण ग्लेंडाची पासष्टी पुढच्या महिन्यात, मार्चमध्ये. कंपनीचा विमा गेला, आणि पुढे चालू ठेवायचा तर हप्ता पेन्शनलाच गिळणारा. म्हणून त्याने तिच्यासाठी तीन महिन्यांचा स्वस्त विमा घेतला होता आणि त्याचं त्याला भारी कौतुक होतं.

"डिकीतली छोटी स्टेपनी असते ना, तसला आहे हा," तो कॅरीलिनला समजावू लागला. "लांब जायचं नाही, गॅरेजपर्यंत पोचायचं. ही मार्चला पोचली की झालं. महागडे विमे जुनी दुखणीही धरतात म्हणे, पण हिला जुनं दुखणं आहे कुठे? माझ्याशिवाय! हा नवाकोरा आहे, एक जानेवारीपा..."

त्याची जीभ जागीच थांबली.

अर्ज त्यानेच भरला होता, स्वयंपाकघराच्या टेबलावर, कॉफी पीत. विमा सुरू होण्याआधीचं कुठलंही दुखणं, डॉक्टरला दाखवलेलं असो वा नसो, भरपाईत धरलं जाणार नाही, हे कलम त्याने मोठ्याने वाचून दाखवलं होतं. तेव्हा ग्लेंडा पाठमोरी उभी राहून भांडी घासत होती. आजारांच्या यादीपुढे त्याने एकामागून एक 'नाही'वर खुणा केल्या आणि तिने ओल्या हातानेच सही केली.

आता त्याने मनात महिने मोजले. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरातलं. आपल्याच तोंडाने त्याने ते नोंदवून दिलं होतं. ऑपरेशन निघालं तर सगळा खर्च अंगावर, आणि घराखेरीज त्यांच्याकडे होतं काय?

"चुकलं माझं," तो घाईने म्हणाला. "टर्कीचं वेगळं होतं, ते अजीर्ण. हे दुखणं काल रात्रीपासूनचं. ते खोड बरं."

कॅरीलिनने हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. ती याच गावातली, तिचा बाप डॉइलबरोबर भट्टीवर होता. दार लोटून ती परत येऊन बसली.

"डॉइलकाका, मी विमेवाल्यांसाठी विचारत नाहीये. कालपासून असेल तर डॉक्टर एक बघतील, महिनोन्‌महिने असेल तर दुसरंच शोधतील. काकूंचं वजन बरंच उतरलंय. चुकीचं लिहिलं तर चुकीच्या ठिकाणी शोधत बसतील." मग ती ग्लेंडाकडे वळली. "तुम्ही सांगा. काल रात्र की थँक्सगिव्हिंग?"

"काल रात्र म्हण," डॉइल पुटपुटला. लगेच म्हणाला, "नाही, नको. खरं काय ते सांग. घराचं बघू आपण."

ग्लेंडाने छताकडे बघत मान हलवली.

"दोन्ही नाही," ती म्हणाली. "मे महिन्यापासून."

डॉइलला वाटलं, ती तापात बरळते आहे.

"मे? मेमध्ये तर कंपनीचा चांगला विमा होता! फुकटात दाखवता आलं असतं. वेडीबिडी आहेस का तू?"

"दाखवलं असतं तर काहीतरी निघालं असतं, आणि मग तू निवृत्त झाला नसतास." तिचा आवाज अगदी रोजचा होता. "माझ्या विम्यापायी आणखी वर्षभर त्या भट्टीपुढे उभा राहिला असतास. तुझे गुडघे बघितलेत का? रात्री जिना बसून उतरतोस. मला झोपेत कळत नाही असं वाटतं होय तुला? म्हटलं, मार्चपर्यंत काढू. काढलंही होतं जवळजवळ."

डॉइल खुर्चीच्या कडेवर टेकला. रागवावं की तिच्या पाया पडावं हे त्याला कळेना. मेमध्येच त्याने निवृत्तीचा अर्ज दिला होता. त्या संध्याकाळी तिने चॉकलेटचा केक केला होता, आणि तो आनंदाने बोलत सुटला होता, तळ्याबद्दल, होडीबद्दल.

कॅरीलिनने लिहिलेलं खोडलं आणि 'मे' टाइप केलं.

"केकचा तुझा तुकडा तू माझ्या ताटलीत सरकवलास," डॉइल म्हणाला. "पोट भरलंय म्हणालीस."

ग्लेंडाने त्याच्या मनगटावरच्या नखांच्या खुणांवरून अंगठा फिरवला.

"मी दोन्ही खाल्ले, ग्लेंडा."