वीसपैकी अकरा

आपण हिचे वडील नाही, हे लिफ्ट मेकॅनिकला दार उघडल्या उघडल्याच कळलं होतं. दारातली बाई पस्तिशीची, चांगली उंच, आणि हनुवटी तर थेट लंबूची. लंबू म्हणजे त्याचा नोकरीतला जोडीदार.

"ही सही तुमचीच ना?" तिने पर्समधून एक जुनं कार्ड काढलं. लिफ्टची दर महिन्याची तपासणी झाली की मेकॅनिक त्यावर सही करतो. आई दोन महिन्यांपूर्वी गेली, तिच्या कपाटात हे सापडलं, ती म्हणाली. वडील लिफ्टची कामं करायचे, एवढंच आईने आयुष्यभरात सांगितलं होतं. कंपनीत खेटे घालून तिने सहीवरून माणूस शोधला होता.

सही त्याचीच होती. लंबूला लिहायचा कंटाळा, म्हणून दोघांच्या वतीने हाच सही ठोकायचा. कामही बरंचसं हाच उरकायचा. हा वर मशीनरूममध्ये ग्रीसने माखलेला, आणि लंबू खाली ऑफिसात, टेलिफोनवर बसणाऱ्या हिच्या आईशी गप्पा छाटत. पुढे लंबूची बदली झाली आणि तिने नोकरी सोडली. याला तिच्याशी बोलायचं फार मनात होतं. ते मनातच राहिलं.

म्हणजे एका वाक्याचं काम होतं. 'मी नव्हे, तो.' पण बासष्टाव्या वर्षी, ज्याची बेल मीटर बघणाऱ्याशिवाय कोणी वाजवत नाही, त्याच्याकडे वडील शोधत कोणी आलं तर ते वाक्य तोंडातून निघेल तर शपथ. त्याने दार पूर्ण उघडलं. "आत या," म्हणाला.

"आधी टेस्ट करू," ती म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची; अंदाजाने नंबर देणाऱ्यातली नव्हती. "खात्री झाली की मग काय हाक मारायची ते बघू. तोवर काका."

काका तर काका. तो तेवढ्यावरही खूश होता.

लॅबमधल्या बाईंनी हातमोजे घालून दोघांच्या गालांच्या आतून कापसाची काडी फिरवली, पाकिटं त्यांच्यासमोर सील केली, आणि नियमाप्रमाणे दोघांचा शेजारी उभं करून फोटो काढला. "जरा जवळ सरका," त्या म्हणाल्या. तो सरकला. मग त्यांनी समजावून सांगितलं. डीएनएवरची वीस ठिकाणं तपासतात. प्रत्येक ठिकाणी आपल्याकडे दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला, एक वडिलांकडून. वडील खरे असले की प्रत्येक ठिकाणी त्यांचा एक आकडा मुलीत सापडतो. एखाद्या ठिकाणी गडबड होऊ शकते, पण चार-पाच ठिकाणी नाही.

"अर्जंट हवं असेल तर तीन दिवस. नाहीतर तीन आठवडे."

ती काही बोलायच्या आत हा म्हणाला, "साधंच करा. घाई कसली?"

ते तीन आठवडे त्याने अक्षरशः चाटूनपुसून खाल्ले. दुकान बंद झालं की ती रोज फोन करायची. आई तेव्हा कशी होती, विचारायची. हा सांगायचा: रिसिव्हर खांद्यात धरून लिहायची, हसू आलं की तोंडावर वही धरायची. सगळं खरं होतं. बघण्याचं काम त्याने मन लावून केलं होतं. हळूहळू तो 'अहो'वरून 'अगं'वर आला. एका रविवारी तिने त्याला दुकानात बसवून डोळे तपासले. सहा वर्षं चुकीचा नंबर लावून हिंडत होता म्हणे. "आता नीट दिसतं? आणि आता?" म्हणत ती त्याची हनुवटी धरून मान सरळ करत होती. नीट दिसत असूनही तो दोनदा नाही म्हणाला.

शेवटच्या आठवड्यात त्याला भलतीच आशा लागली. जन्म मशीनं दुरुस्त करण्यात गेलेला. मशीन चुकतं, यावर त्याच्याइतका कोणाचा विश्वास असणार?

मशीन चुकलं नाही. "नऊ ठिकाणी जुळत नाही," लॅबच्या बाई म्हणाल्या. "हे वडील नाहीत."

"आणि बाकीच्या अकरा?" त्याने विचारलं.

"तेवढं कोणाशीही जुळतं, काका. माझ्याशीसुद्धा जुळेल."

बाहेरच्या बाकावर ती बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "चुकलं माझं. उगाच तुम्हाला त्रास दिला. आता नाही शोधत कोणाला, दमले. पण काका, मी फोन केला तर चालेल ना? मलाही कोण आहे दुसरं?"

आता नुसतं 'हो' म्हणायचं होतं. जन्मभर कोणाला कळलं नसतं. फोन येत राहिला असता, रविवार आले असते. आणि लंबूचं घर तर बायको, मुलं, नातवंडांनी भरलेलं. त्याला कशाची कमी? पण ती त्याचीच माफी मागत होती, आणि ते काही त्याला सोसेना.

त्याने रिपोर्टच्या पाकिटावर लंबूचा पत्ता लिहिला. "हे तुझे वडील," म्हणाला. "तू आहेस हे त्याला माहीतही नसेल. घरी बायको आहे, तेव्हा आधी त्याच्याशी एकट्याशी बोल."

तिने पत्ता दोनदा वाचला. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तू दारात उभी होतीस, तेव्हापासून."

"मग ही टेस्ट कशाला केलीत? मी वेड्यासारखी रोज फोन करत होते!"

"म्हणूनच," तो म्हणाला.

ती पाकीट पर्समध्ये टाकून जिना उतरून गेली. फोनचं काही बोलली नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. थोड्या वेळाने एक माणूस छोट्या मुलीला कडेवर घेऊन आला. त्या दोघांना बसायला जागा हवी होती, म्हणून मेकॅनिक उठला.