रेणुकाबाईचे तीन सवाल

सख्खी आत्या एसटीतून उतरून उन्हात चालत आली, तर भाच्यानं उठून उभं राहावं. पाणी नाही विचारलं तरी चालेल, पण उठावं. प्रवीण खुर्चीतून हललासुद्धा नाही. मोबाइलच्या काचेवर बोट फिरवत, "बसा ना आत्या," एवढं म्हणाला, अन् बसायला दुसरी खुर्ची त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात नव्हतीच.

रेणुकाबाई उभीच राहिली. ऐन वांग्याच्या तोडणीत नेरडीगोंड्याकडचं शेत टाकून ती आदिलाबादला आली होती, ते काही बसायला नाही.

दोन वर्षांमागं याच प्रवीणनं समाजाची पुस्तिका काढली. तेव्हा बरा उठत होता, बसत होता, पाया पडत होता. घरोघर फिरून त्यानं सगळं लिहून घेतलं: कुळ, मामा, कोणती लेक कुठं दिली, फोन नंबर. लोक हातातली कामं टाकून सांगायला बसले. रेणुकाबाईनं तर बाजेवर बसून पाच पिढ्या सांगितल्या. थोरली बहीण भागाबाई बेल्याला दिली होती, पहिल्या बाळंतपणात गेली, हेही तिनं लिहायला लावलं. चाळीस वर्षं घरात कोणी तिचं नाव काढलं नव्हतं. कागदावर तरी राहील, असं वाटलं.

रेणुकाबाई काही भोळी बाई नव्हे. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्या एका मेल्याला तिनं फोनवर असं झोडपलं होतं की त्यानंच आधी फोन ठेवला. अनोळखी माणसासाठी तिच्यापाशी तीन सवाल होते. तुमचं कुळ कोणतं? मामा कोणत्या गावचे? आमची कोणती लेक तुमच्याकडं दिली? लबाड माणूस दुसऱ्या सवालाला अडखळतो, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव.

पोळ्याच्या आठवड्यात फोन आला. प्रयागबाई, किनवटकडची. मुलगा हैदराबादला इंजिनियर, तुमच्या नातीचं ऐकलं, म्हणाली. नात म्हणजे रुपा. बाप गेल्यावर आजीनं भाजी विकून शिकवलेली, नर्स झालेली, अन् मंचेरियलच्या दवाखान्यात नोकरीच्या यादीत नुकतंच नाव लागलेली. रेणुकाबाईनं तिन्ही सवाल टाकले. बाई एकातही अडखळली नाही. वर आपणहून म्हणाली, "तुमची भागाबाई असती, तं आज तिनंच ही सोयरिक जुळवली असती."

रेणुकाबाईला पुढचं काही ऐकूच आलं नाही. पदर तोंडाला लावून ती रडली. त्या घडीला त्या बाईनं काळीज मागितलं असतं तरी तिनं ताटात काढून दिलं असतं.

बाईनं मागितलं ते फारच थोडं. वधूवर मंडळात नाव घालायला रुपाचा फोटो, आधार कार्ड, फोनवर येईल तो नंबर, अन् मुलीला एकदा फोनपुढं बसवा. रुपा बसली. फोनमधून आवाज आला, मान उजवीकडं करा, डावीकडं करा, आता डोळे मिचकवा. रुपा थांबली. आजी, हे खातं उघडताना करायला लावतात, मुलगी पाहताना नाही, असं हळूच म्हणाली.

"शिकली म्हणून लई शहाणी झाली," रेणुकाबाई म्हणाली. "मले तं अंगणभर चालवून पाह्यलं होतं. तुले डोळे मिचकवायले काय होते?"

रुपानं डोळे मिचकवले.

मग तो फोन कधी लागलाच नाही. दिवाळीनंतर गावात जीप आली, परराज्यातले पोलीस. रुपाच्या नावानं कुठंतरी खातं निघालं होतं, अन् कोणाकोणाची लुटलेली पुंजी त्यातून पुढं गेली होती. एका म्हाताऱ्या मास्तराची पेन्शनही त्यात होती. जीप उभी होती तोवर अख्खं गाव दारात उभं होतं. दवाखान्यानं कळवलं, पोलिसांचा दाखला सोमवारपर्यंत आला नाही तर यादीतलं पुढचं नाव घेऊ. रुपा तेव्हापासून चुलीपुढं बसते, बोलत नाही, जेवते तेही सांगितलं तर.

ठाण्यातल्या साहेबानं एकच वाट दाखवली. तुमच्या घराची माहिती ज्यानं बाहेर दिली, तो माणूस सही करून सांगत असेल तर पोरगी फसवली गेली हे मांडता येईल. म्हणून रेणुकाबाई शुक्रवारी भाच्याच्या दारात आली होती.

प्रवीण नाही म्हणाला नाही, हे विशेष. पुस्तिकेची सगळी यादी दिली, म्हणाला. लग्नं जुळवणाऱ्या एका कंपनीनं मागितली, छपाईचा खर्च त्यांनीच दिला, आता त्यांचा नंबर बंद आहे. चोरी कोणी केली नाही, तुम्हीच तोंडानं सांगितलं होतं.

मग हेच कागदावर लिही, ती म्हणाली. त्यानं पहिल्यांदा फोन खाली ठेवला.

"आत्या, रुपाचं नाव तं गेलंच हाये," तो म्हणाला. "माह्यंबी काऊन घालवता?"

झेरॉक्स काढायला एक गिऱ्हाईक आलं. त्याच्यासाठी मात्र प्रवीण उठला.

मशीनचा हिरवा उजेड सरकत राहिला. रेणुकाबाईच्या मनात आलं, आता घरी जाऊन पोरीला काय सांगायचं? सोमवार येईल अन् जाईल. गिऱ्हाईक गेलं तरी ती तिथंच उभी होती. मग बोलली, आवाज न चढवता.

"ते फोनवाले चोर होते, त्यायचं तोंड मी पाह्यलं नाही, त्यायले काय बोलू? पोरीले डोळे मिचकवायले मीच लावलं. ते पाप माह्यं, मी संगं घेऊन जाईन. पण माह्या मेलेल्या बहिणीचं नाव तू इकलं, प्रवीण, अन् आता जितीचं वाचवायले तुह्या हातून एक सही होत नाही. माहेरात माह्यं तुह्याबिगर कोणी उरलं नाही, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. मी मेले की माहेरचं लुगडं घेऊन येऊ नको. तुह्या हातचं नेसण्यापरीस मी उघडी जाईन."