पाणी जावयांचं

लग्न होऊन शफनीर मानिन्जाऊच्या तळ्याकाठी राहायला निघाला, तेव्हा त्याच्या आईने एवढंच सांगितलं होतं, "खोडावरची राख होऊन राहा, बाबा. वारा आला की उडायची तयारी ठेव." त्या मुलखातल्या सगळ्याच आया आपल्या मुलांना हे सांगतात. घर बायकोच्या आईचं, भातखाचरं तिची, डोंगरउतारावरची दालचिनी आणि जायफळंही तिचीच, आणि तिच्यामागे ती मुलीची होणार. त्या सगळ्याची राखण करणार सासूचा भाऊ. जावयाला मान मोठा. लग्नात किताब मिळतो, लहानथोर 'सुतान' म्हणून हाक मारतात, जेवायला बसला की माशाचा मधला तुकडा त्याच्या पानात पडतो. पण अंगणातलं केळीचं पान कापायचं झालं तरी त्याने विचारून कापावं.

पाणी मात्र कुणाच्या आईचं नव्हतं.

म्हणून गावातले जावई एकामागून एक पाण्यात उतरले. बांबूच्या चौकटी, त्यांखाली रिकामी पिंपं, चौकटींना टांगलेली जाळी आणि जाळ्यांत चिलापी मासे. शफनीरचे पिंजरे सासूच्या घरासमोरच होते. सकाळी होडी वल्हवत तो तिथे पोचला आणि खाद्याचं पोतं फोडलं की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. मूठभर टाकलं तर मूठभर, टोपलीभर टाकलं तर टोपलीभर. विचारणारं कुणी नाही. काठावरून बघणाऱ्याला तळं दिसेनासं झालं होतं, नुसते बांबूच दिसायचे.

त्याची सासू रोस्माइनी. तिला सगळे आमाक म्हणत, म्हणजे आई. पोरवयापासून ती कंबरभर पाण्यात उभी राहून बांबूची टोपली वाळूतून ओढत आली होती. तळ्यातल्या बारक्या शिंपल्या कांद्याच्या पातीवर परतून खाण्यात तिचा जन्म गेला. पिंजरे वाढले तशी काठच्या वाळूवर काळी, मऊ साय धरली. माशांनी न खाल्लेलं खाद्य आणि त्यांची विष्ठा सगळी तळाशी बसत होती. टोपलीत शिंपल्यांपेक्षा चिखल जास्त यायला लागला. पण जावयाला तोंडावर बोलायची रीत नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं आमाक कोंबड्यांना बोलायची आणि ते जावयाला लागायचं.

"खा गं बायांनो, पोट फुटेस्तोवर खा," ती तांदळाच्या कण्या टाकत म्हणायची. "उरलं तर तिथंच सोडा. खाली कोण बघतंय?"

शफनीर पायरीवर बसून कॉफीच्या पानांचा काढा पीत निमूट ऐकून घ्यायचा. त्याची बायको युलिनार दारामागून हसायची.

त्या वर्षी डोंगरावरून गार वारा सुटला आणि थांबेचना. वर आभाळ गच्च, उन्हाचा पत्ता नाही. असं झालं की वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं आणि तळाचं जुनं, गंधकाचं पाणी वर येतं. तिथले लोक त्याला 'तुबो' म्हणतात, म्हणजे विष. सकाळी काठावर पाऊल टाकताच शफनीरला कुजक्या अंड्यांसारखा वास आला. पाण्याचा रंग पातळ ताकासारखा झाला होता. पिंजऱ्यापाशी जाऊन बघतो तर सगळे मासे तोंडं वर काढून हवा गिळत होते.

शेजारच्या पिंजऱ्यांवर एदिसन उभा होता. तोही गावचा जावईच, तोंडाचा फटकळ.

"सुतान, तुझे वर आले का रे?"

"आलेत. तुझे?"

"माझे वर येऊन उताणेही झाले. माझ्यासारखेच घाईचे."

शफनीर आणि युलिनारने जिवंत मासे उपसायला घेतले. व्यापाऱ्याला फोन केला, तर तो म्हणाला, सगळ्या काठाचे फोन येताहेत, आज कुणाचाच माल उचलणार नाही. होडीत काढलेले मासे होडीतच मेले. दुपारपर्यंत सगळ्या जाळ्यांत पांढरी पोटंच पोटं दिसायला लागली.

एदिसनने कमरेचा सुरा काढला आणि जाळ्याच्या दोऱ्या कापायला सुरुवात केली.

"अरे, सोडतोस?"

"मग काय, घरी नेऊन पाळू? मागच्या वेळी तूही सोडलेस की."

ते खरं होतं. मागच्या तुबोला शफनीरनेही जाळी कापली होती. तरंगणारे मासे वाऱ्याने काठाला लागले, बाकीचे तळाशी गेले. कितीतरी दिवस भाताच्या पातेल्यावर माशा घोंघावत होत्या आणि मुलांची अंगं खाजत होती. तळाशी गेलेले मासे कुजून पुढच्या तुबोचं विष तयार होतं हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असून काय, मेलेला मासा हातात धरून माणूस किती वेळ उभा राहणार? शफनीरने सुरा हातात घेतला.

"सुतान!"

काठाकडून हाक आली. आमाक सारोंग वर खोचून गुडघाभर पाण्यात उभी होती. शफनीर दचकला. लग्न झाल्यापासून तिने त्याला स्वतः कधी हाक मारली नव्हती. 'युली, सुतानना विचार गं', असंच सगळं चालायचं.

"जाळी कापू नका," ती ओरडली. "मासे वर आणा. जमिनीवर."

"आमाक, एवढे? आणि ठेवू कुठे?"

"माझ्या जमिनीत पुरा. मागच्या पडीक खाचरात."

युलिनार होडीतच खाली बसली. "आमाक, दातुकमामांना विचारल्याशिवाय?"

विचारायला जावं लागलं नाही. अशा बातमीला पाय फुटतात. पहिली होडी काठाला लागते न लागते तोच आमाकचा थोरला भाऊ, घराण्याचा दातुक म्हणजे जमिनीची राखण करणारा कारभारी, टोपी नीट करत उतारावरून खाली आला. नाकाला रुमाल होता, पण आवाज रुमालातून नीट येत होता.

"रोस, डोकं फिरलंय का तुझं? आज्यापणज्यांची जमीन ती. पलीकडे त्यांची थडगी आहेत. तिथे मेलेली मासळी पुरायची? उद्या गाव म्हणेल, जावयाने खाचरात पाय रोवले."

"जावयाने नाही, माशांनी."

"थट्टेवारी नेऊ नकोस."

"बरं, नाही नेत. दादा, जमीन राखायची तू आणि खायची मी. असंच ना?"

"असंच."

"या काठची वाळूही मी आईच्या बाजूला उभी राहून खाल्ली. आई तिच्या आईच्या बाजूला. ती वाळू राखणारा दातुक कोणता? दाखव मला."

दातुक तळ्याकडे बघत राहिला. "पाण्याला दातुक नसतो."

"म्हणूनच त्याची ही दशा. ही घाण जमिनीवर आली तर निदान भांडायला तू तरी असशील."

इतका वेळ शफनीर टोपली खांद्यावर घेऊन उभा होता. बायकोच्या घराण्याच्या बोलण्यात जावयाने तोंड घालू नये हे तो जाणून होता. पण टोपलीतून पाणी पाठीवर ठिबकत होतं आणि त्याला राहवेना.

"दातुक, तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता जाळी कापतो आणि पेकानबारूला भावाकडे निघून जातो. तिथे दुकानात बसेन. पण एक सांगतो. मागच्या वेळी मी मासे सोडले तेव्हा घरात कुणाला जेवण जात नव्हतं. मी वाट बघत होतो, कुणीतरी मला शिवी देईल. कुणी दिली नाही. माझ्या पानात मधला तुकडाच वाढत राहिले."

"जावयाला कोण काय बोलणार?" दातुक म्हणाला.

"तेच तर म्हणतोय."

आमाकने मान दुसरीकडे वळवली. दातुकने रुमाल घडी करून खिशात ठेवला आणि वास येताच परत काढला.

"थडग्यांपासून लांब," तो शेवटी म्हणाला. "ओहोळाच्या बाजूला तर मुळीच नाही, झिरपून पुन्हा तळ्यातच जाईल. खड्डा पुरुषभर खोल. वर राख आणि भाताचं तूस. आणि खड्डा कुठे ते मी आखणार. जमीन माझ्या राखणीतली आहे."

"मग? दुसरं कोण आखणार!" आमाक गंभीरपणे म्हणाली.

दातुकने काठीने चार रेघा मारल्या, त्या आवडल्या नाहीत म्हणून पुसून पुन्हा मारल्या. शफनीर खणायला लागला. युलिनार तोंडाला फडकं बांधून कावडीने मासे वर आणत होती. उतार निसरडा, कावडीतून पातळ घाण गळायची, मधेच ती थांबून ओकायची आणि पुन्हा कावड उचलायची. एदिसन घरी जाताना बांधावर थबकला.

"काय सुतान, दफनविधी? इमामाला बोलावलंस का?"

"बोलावलंय. खांदा द्यायला माणूस कमी पडतोय, येतोस?"

एदिसन हसत निघून गेला. पण वाऱ्याला कुणाचं काय! दुसऱ्या दिवशी एदिसनचे मासे आमाकच्या काठाला येऊन लागले. स्वतःचे संपवून दमलेल्या युलिनारने ते पाहिलं आणि तिचा तोल गेला. ती तशीच, फडकं न सोडता, एदिसनच्या सासूच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"मावशी, तुमच्या जावयाची मासळी आमच्या दारात आलीय. मान म्हणून पाठवलीय की विसरलेत?"

त्या घरात बराच वेळ भांडी आपटल्याचे आवाज आले. मग एदिसन दोन टोपल्या घेऊन मान खाली घालून बाहेर पडला. तळ्याकाठी त्याने शफनीरकडे बघितलं.

"हसू नकोस."

"हसत नाहीये."

"पोटात हसतोयस. दिसतंय मला."

दोघांनी मिळून काठ साफ केला. आमाकच्या दारापुरता आणि एदिसनच्या सासूच्या दारापुरता. बाकी सगळ्या काठाचे मासे खालीच गेले.

पाणी निवळल्यावर घरात खरं भांडण झालं. युलिनारला माशांची पिल्लं पुन्हा सोडायची होती. त्यांची मुलगी पाडांगला शिकत होती, तिला फीचं काय सांगायचं? शफनीरचं मन उडालं होतं. शेवटी दोघांनी मधला मार्ग काढला. काठाजवळच्या चौकटी मोडायच्या, फक्त दोन ठेवायच्या, त्या खोल पाण्यात, आणि मासे खातील तेवढंच खाद्य टाकायचं. पोतं फोडताना पाठ ताठ व्हायची ती सवय शफनीरने मोडली. आता तो एकेक मूठ टाकून पाण्याकडे बघत बसायचा. मोडलेल्या बांबूंचं त्याने पडीक खाचराला कुंपण घातलं. खड्ड्याची जागा बसली तशी दातुकने स्वतः येऊन माती पायाने दाबून पाहिली आणि म्हणाला, "इथे मिरची लावा, सुतान." मिरची दांडगी आली. पाहुणा कुणी आला की दातुक त्याला खाचर दाखवायला नेतो आणि म्हणतो, मीच करायला लावलं हे.

पेकानबारूचा भाऊ अधूनमधून फोन करतो. शफनीर बघू म्हणतो.

पुढच्या वाऱ्याच्या दिवसांत तुबो पुन्हा आलाच, जरा हलका. गावातले पिंजरे तोवर भरले होते. शफनीरने वास येण्याआधीच मासे काढले, तरी काही मेलेच, ते त्याने वर नेले. एदिसननेही नेले, शिव्या देत का होईना. पलीकडच्या दोन घरांतल्या सासवांनी आपल्या भावांना बोलावून जागा आखून घेतल्या. बाकीच्यांनी जाळी कापली.

आमाक अजूनही टोपली घेऊन पाण्यात जाते. कधी रिकामी येते, कधी तळाला मूठभर शिंपल्या असतात. बारक्या असतात त्या ती परत टाकते. तिच्या घरासमोर वाळू हातभर दिसायला लागली आहे. पुढे पाऊल टाकलं की पाय काळ्यात जातो.