किल्ल्यांचा परिच्छेद

मध्यभारताचं सरकार उन्हाळ्यात इंदुरात आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला बसे. ऑक्टोबर लागला की सचिवालयातल्या फायली पेट्यांत भरून रवाना होत आणि त्यांच्या मागोमाग कारकून. आमचे हे त्यांतलेच एक. त्या साली, म्हणजे बावन्न साली, नंदू सात महिन्यांचा होता. त्याला दात येत होते, घरात झोप कुणालाच नव्हती, आणि तरी ह्यांच्या बिस्तऱ्याला दोरी बांधताना मी विचारलं ते एवढंच, की लेखाचं काय.

हे दर आठवड्याला गावातल्या एका मराठी साप्ताहिकात अमेरिकेच्या राजकारणावर लिहीत. सरकारी नोकरी, म्हणून नाव घेतलेलं ‘प्रवासी’. हा प्रवासी ग्वाल्हेरपलीकडे कधी गेला नव्हता, पण वॉशिंग्टनात कोण कुणावर रुसलंय ते त्याला ठाऊक असे. मतं मात्र पक्की. सासरे होळकरांच्या महसूल खात्यात होते. सरकारनं सारा घ्यावा, चोर धरावेत, रस्ते राखावेत आणि माणसाच्या उंबऱ्याबाहेर थांबावं, हे ह्यांनी वडिलांच्या तोंडून लहानपणीच ऐकलेलं. त्या उन्हाळ्यात तिकडच्या राष्ट्राध्यक्षांनी संपाच्या धास्तीनं पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले आणि कोर्टानं ते परत करायला लावले, तेव्हा हे तीन दिवस दाढी करताना गुणगुणत होते.

लेखाची स्वच्छ प्रत मी करायची. ह्यांचं अक्षर छापखान्यातल्या हरीभाऊ कंपोझिटरला लागत नसे. रविवारी हे फेऱ्या घालत सांगत, मी खर्डा उतरून घेई. मध्येच मी म्हणे, हे जरा कडू होतंय. हे थांबत, माझ्याकडे बघत आणि वाक्य बदलत. चार वर्षं असं चाललं होतं. लग्नाला साडेचार झालेली.

म्हणून मला वाटलं होतं, हे म्हणतील, तू लिही. हे म्हणाले, पद्मजाबाई लिहितील, मी त्यांना मुद्दे पाठवत जाईन, तू प्रत करून हरीभाऊंकडे पोचवत जा.

पद्मजाबाई तुकोगंजात राहत आणि मुलींना राज्यशास्त्र शिकवत. एम.ए. झालेल्या. लग्न केलं नव्हतं. भाऊ इलिनॉयला शिकत होता, तो वर्तमानपत्रांची कात्रणं धाडी. निवड रास्तच होती, तेच तर सोसवत नव्हतं. बाई गुरुवारी सायकलवरून येत. मनगटावर घड्याळ, पदराला पिन, बोटांवर शाईचा एवढासा डाग. माझ्या बोटांना वेखंडाचा वास. नंदू कुणाकडे जात नसे, त्यांच्याकडे मात्र हात पसरून झेपावे. मी त्याला काढून घेताना जरा जोरानंच ओढी, आणि मग दिवसभर त्याच्या दंडावर फुंकर घालत बसे.

नोव्हेंबरात तिकडे निवडणूक झाली. वीस वर्षांनी रिपब्लिकन पक्षाचा माणूस निवडून आला. ह्यांनी केवढी वाट पाहिली होती त्या दिवसाची. बाईंचा लेख आला तो चोख होता. कुठल्या राज्यात किती मतं, गेल्या खेपेपेक्षा किती वाढली, सगळं. पण वाचून कुणाला आनंद झालाय असं वाटेना. मी प्रत केली. हे असते तर फेऱ्या घालून फरशी झिजवली असती.

डिसेंबरात लेख होता किमतींवरच्या नियंत्रणाचा. लढाईपायी तिकडच्या सरकारनं भाव आणि पगार बांधून ठेवले होते. नव्या सरकारनं जानेवारीत सूत्रं घेतली की हे उठवावं, असा ह्यांचा मुद्दा. बाईंनी लिहिलं होतं, ‘नियंत्रणामुळे नागरिकाची उपक्रमशीलता लोपते.’ दुपारची वेळ. सासूबाई आडव्या झालेल्या, नंदू मांडीवर पेंगत होता. सकाळीच रेशनच्या रांगेत दोन तास उभी राहून मी आले होते. त्या वाक्याशी माझा टाक थांबला. जुन्या प्रुफाची कोरी बाजू पुढे होती, तिच्यावर मी लिहून पाहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. नंदूनं एकदा पान ओढलं, त्याची लाळ पडली. शेवटी प्रतीत उतरलं ते असं:

‘एका घरात फडताळाच्या किल्ल्या सासूच्या कमरेला असतात. सासू दुष्ट नाही. ती मापून साखर देते, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, उपाशी कुणीच राहत नाही. पण दहा वर्षांनी सासू चार दिवस गावाला जाते, दारात पाहुणे येतात, आणि सून किल्ल्या हातात घेऊन नुसती उभी राहते. तिला अंदाजच उरलेला नसतो. सरकार कितीही मायाळू असो, त्यानं माणसाचा अंदाज काढून घेऊ नये.’

बाईंचं वाक्य मी गाळलं. प्रत हरीभाऊंकडे नेऊन दिली आणि येताना सारखी मागे वळून बघत होते, जणू मी कुणाच्या ट्रंकेतून काही उचललं होतं.

शनिवारी अंक आला. सासूबाईंना मी नेहमी लेख वाचून दाखवी. त्या परिच्छेदापाशी आवाज उगाच सपाट ठेवला. सासूबाईंनी कमरेचा जुडगा चाचपला. म्हणाल्या, “हा प्रवासी कुणाच्या घरी राहून आलाय ग?” मग थोड्या वेळानं, “पण सासू बरी दिसतेय. उपाशी नाही ठेवलं कुणाला.”

पुढच्या गुरुवारी पद्मजाबाई आल्या त्या ह्यांचं पत्र घेऊनच. पत्र त्यांच्या नावचं. घरच्या पाकिटात माझ्यासाठी चार ओळी होत्या, नंदूला किती दात आले आणि आईच्या गुडघ्याला तेल लावतेस ना. त्यांना दोन पानं. त्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, आवाजात काही छुपं नव्हतं. हे लिहीत होते, ‘किल्ल्यांचा परिच्छेद पाच वेळा वाचला. चार वर्षांत प्रवाशाच्या हातून असं उतरलं नाही. आपली लेखणी लाभली हे भाग्य.’

मी स्वयंपाकघरात गेले. चुलीवर काही नव्हतं तरी पळी घेऊन ढवळायला काही शोधत राहिले. बाईंना सासू कुठली? हा साधा विचार ह्यांच्या मनात आला नाही. ज्या घरातलं फडताळ, त्याच घरात वाढलेला हा माणूस.

बाई मागोमाग आल्या. म्हणाल्या, “खरं सांगू का वहिनी, तो माझा नाही. छापलेला वाचला तेव्हाच कळलं. मी ग्वाल्हेरला रघुवीररावांना आजच कळवते.”

“नको,” मी म्हटलं.

“अहो, पण श्रेय तुमचं आहे.”

“तुम्ही कळवलंत तर तेही तुमचंच मोठेपण होईल. त्याच्यावर आणखी दोन पानं येतील तुम्हाला.”

बोलून गेले आणि जीभ चावली. बाई लाल झाल्या. रागावल्या असाव्यात. पण मग नंदूच्या डोक्यावरून हात फिरवून त्या म्हणाल्या, बघा मग तुम्हीच काय ते, आणि सायकल घेऊन निघून गेल्या.

मी पत्र लिहायला घेतलं. तीनदा फाडलं. प्रत्येकात एक तर मी रडत होते नाही तर भांडत होते. आणि पुरावा तरी कसला द्यायचा? चार वर्षं सगळंच माझ्या अक्षरात जात होतं, ह्यांचंही, बाईंचंही. माझं असं त्यात निराळं काय दिसणार?

मग ते प्रूफ आठवलं. नंदूच्या दुपट्यांखाली ठेवलं होतं. हे सचिवालयातले कारकून. प्रत कुणीही करतो, पण खोडाखोड फक्त मूळ लिहिणाऱ्याची असते, हे त्यांना मी शिकवायला नको. ‘मोजून’ खोडून ‘मापून’. ‘आठ वर्षांनी’ खोडून ‘दहा’. ‘रडते’ खोडून ‘नुसती उभी राहते’. कडेला लाळेचा वाळलेला डाग. ते पान तसंच घडी करून पाकिटात घातलं, वर ग्वाल्हेरचा पत्ता, आत एक अक्षर नाही.

नऊ दिवस काही आलं नाही. मधल्या गुरुवारी बाईंनी लेख आणला, मी प्रत केली, एक स्वल्पविराम हलवला नाही. दहाव्या दिवशी माझ्या नावचं पाकीट आलं, जाड. आत तेच पान. ह्यांनी त्यावर फाइलवर करतात तसं लाल पेन्सिलीनं केलं होतं. प्रत्येक खोडलेल्या शब्दाजवळ बारीक खूण. ‘रडते’पाशी लिहिलं होतं, ‘हे खोडलंस ते उत्तम.’ डागाभोवती गोल काढून, ‘सहलेखक.’ आणि तळाशी, ‘पाच वेळा वाचूनही ओळखलं नाही. चूक मान्य. पुढचे मुद्दे सोबत तुलाच पाठवत आहे. आकडे पद्मजाबाईंना विचारून घे. आईला किल्ल्यांचं वाचून दाखवू नकोस.’

मी हसले तशी सासूबाईंनी विचारलं काय झालं. म्हटलं, तुमच्या गुडघ्याची चौकशी केलीय.

पुढच्या गुरुवारी पद्मजाबाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं, आकड्यांचंही, आणि त्या मनापासून खूश झाल्या, सायकलवरून आणलेली कात्रणं माझ्यासमोर पसरून बसल्या. चांगल्याच आहेत त्या. मी त्यांना साखर जास्त घालून चहा दिला. जाताना त्यांनी सहज विचारलं, ते लाल खुणांचं पान बघू तरी.

पान माझ्या पोलक्यातच होतं.

“कुठे ठेवलं गेलं कोण जाणे,” मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातून नंदूला घेतलं, ह्या खेपेला हलकेच.