तोंड बांधलेली घुंगुरकाठी

मी एक जुनी घुंगुरकाठी आहे, आणि मित्रांनो, आयुष्यातली सात वर्षं मी कपाटामागच्या फटीत काढली आहेत.

माझा जन्म सोलापूरजवळच्या मंद्रूपकडचा. येडू नावाच्या मेंढपाळानं एक सरळ वेळू निवडून मला तासलं, तेल पाजलं, खाली लोखंडी टोपण बसवलं आणि डोक्याशी पितळी घुंगरं बांधली. पाऊल टाकण्याआधी तो मला जमिनीवर आपटायचा. ठक झालं, घुंगरं वाजली की गवतातला साप वाट सोडून निघून जायचा. येडूच्या पायाला कधी काटा सोडून दुसरं काही लागलं नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला सांगू!

येडू गेला. त्याच्या नातवाला, कुमारला, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात काम लागलं. आज्जाची आठवण म्हणून त्यानं मला मोटरसायकलला बांधून सोलापूरला आणलं आणि एका खोलीच्या घरात कपाट व भिंत यांच्यामध्ये कोंबलं. तिथं मला हलताही येत नव्हतं. कुमारच्या कपड्यांवरून येणारा सुताचा भुगा घुंगरांत साचत गेला आणि माझा आवाज बसला. समोर फक्त कपाटाची गंजकी पाठ! मला फार कोंडल्यासारखं व्हायचं.

मग सोनम या घरात नवरी होऊन आली. शहरातच वाढलेली, पालीलाही भिणारी. कुमारला तिला आपला माळ दाखवायचा होता. रस्त्यापासून टेकडीखालच्या देवळापर्यंत तासाभराची सपाट वाट, लहान पोरंसुद्धा चालतात, असं तो सांगायचा. ती लांडग्यांचं विचारायची, सापांचं विचारायची, आणि तो हसायचा. शेवटी झाडलोट करताना मी तिच्या हाती लागले. माझं काम काय ते कळल्यावर तिनं अट घातली, काठी घेतली तरच येईन. सुईनं तिनं माझ्या घुंगरांतला भुगा काढला. त्या दिवशी मी किती वर्षांनी वाजले!

थंडीतल्या एका सकाळी आम्ही निघालो. माळावर पिवळं गवत, कोवळं ऊन. मी ठक ठक वाजत होते, सोनम कुमारच्या मागून जपून चालत होती. तेवढ्यात लांबवर काळवीटं दिसली. ती बिथरू नयेत म्हणून कुमारनं खिशातला रुमाल काढला, माझी घुंगरं गच्च बांधली आणि मला खांद्यावर टाकलं. मेंढपाळाच्या नातवानं आज्जाच्या काठीचं तोंड बांधलं. मला फटीतले दिवस आठवले.

कुमारचे डोळे काळवीटांवर होते. वाटेवर चार पावलांवर घोणस ऊन खात पडली होती, वाळल्या शेणासारखी. मला ती दिसली. मी जीव तोडून वाजायला गेले, पण रुमालात घुंगरू हलेना. तीन पावलं उरली.

इतक्यात सोनम थांबली. तिला साप दिसला नव्हता. तिनं मागून कुमारचा हात धरला.

"काठी गप झाल्यापासून मला लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. "तुमी हसा. पण मी हे फडकं सोडणार."

तो हसलाच. तिनं मला ओढून घेतलं, गाठ सोडली आणि त्याच्या पुढं येऊन मला जोरानं जमिनीवर आपटलं. मी अशी खणखणले की काळवीटं उधळली. आणि समोरून कुकरसारखा फुत्कार आला. घोणस वळली आणि सरपटत गवतात शिरली.

कुमारच्या कपाळावर थंडीत घाम आला.

"काठी तुज्याच हातात ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाला, आणि देवळापर्यंत तिच्या मागून चालला.

आता मी दाराजवळ खिळ्याला टांगलेली असते. माळ रोज दिसत नाही, चार भिंती आहेतच. पण दार उघडलं की थोडी वाजते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठल्या फटीत एखादी काठी अडकली असेल तर तिला बाहेर काढा, पुसा, कधीतरी फिरायला न्या. आणि तुमच्याबरोबर चालणारं कुणी भीत असेल तर त्याला हसून गप्प करू नका. त्या सकाळी माझं तोंड रुमालानं बांधलं होतं आणि सोनमचं हसण्यानं. तिनं आधी आपलं सोडवलं, म्हणून माझं सुटलं आणि कुमार घरी परत आला.